चार रविवारांचा कंपाउंडर

महिन्याच्या पहिल्या रविवारी कंपाउंडर आमच्या चर्चमध्ये असायचा. दुसऱ्या रविवारी कॅथलिकांच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला. तिसऱ्या रविवारी नाशिक रोडला, टाळ्या वाजवून गाणाऱ्यांच्या सभेत. चौथ्या रविवारी एका घराच्या पडवीत जमणाऱ्या मंडळीत. तिथे पाळक असा नव्हताच, ज्याला बोलावंसं वाटेल तो उठून बोलायचा. एखाद्या महिन्यात पाचवा रविवार आला की तो घरी बसून रिकाम्या बाटल्या धुवायचा आणि म्हणायचा, "आज देवाला माझ्यापासून सुट्टी."

हा माणूस नक्की कुणाचा, ते कुणालाच माहीत नव्हतं. आमचे लोक म्हणायचे, तो मूळचा कॅथलिक. कॅथलिक म्हणायचे, तो तुमचाच. टाळ्यावाल्यांना वाटायचं की तो आज ना उद्या त्यांच्यात येणार. पडवीवाले काहीच म्हणायचे नाहीत, ते एकूणच कमी बोलायचे.

मी गवंडी माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण मी उभी केलेली भिंत आजवर कुठे फुगली नाही, आणि मिस्त्री इथे चुकलं असं सांगायला कुणी आलं नाही. भिंतीचं बरं असतं, ती खालून वर जाते. कंपाउंडरचं लिहायला बसलो तर सुरुवात कुठून धरायची तेच कळत नाही. तो समजला असं वाटलं की लगेच निसटायचा.

मखमलाबादच्या बाजूला त्याच्या भावकीचे फुलांचे मळे होते. माळ्याचा पोर, लहानपणीच मिशनच्या दवाखान्यात कामाला लागला आणि औषधं घोटता घोटता म्हातारा झाला. मे महिन्यातही अंगात काळा कोट. एका खिशात औषधाच्या पुड्या, दुसऱ्यात चमचा. लाल मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून तो डोसाच्या खुणा करायचा आणि बाटली हातात देताना प्रत्येकाला सांगायचा, "घ्यायच्या आधी हलवा. नुसतं वरचं पाणी पिऊन बरं वाटत नाही." हे तो पाळकांनाही सांगायचा, आणि तेव्हा तो औषधाबद्दल बोलतोय की आणखी कशाबद्दल, ते त्याच्या तोंडावरून समजत नसे.

चर्चमध्ये त्याचा फार गोंधळ व्हायचा. आम्ही उभे राहिलो की हा गुडघ्यावर जायचा, कारण मागच्या रविवारी तो गुडघ्यावर होता. कॅथलिकांच्या मिस्सात एकदा त्याने टाळ्या वाजवल्या. गाणं आमचं असलं तर चाल टाळ्यावाल्यांची लावायचा, तेही मोठ्या आवाजात, मग दोन बाकं त्याच्या मागे वाहवत जायची आणि पेटीवाल्या बाई थांबून चष्मा पुसत बसायच्या. दर रविवारी मळ्यातली शेवंती आणायचा. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, मात्र तो कधी पुढे गेला नाही. आम्हाला वाटायचं, आपल्या स्वतःच्या चर्चमध्ये घेत असेल.

आता माझ्या भावाचं सांगायला हवं, कारण कंपाउंडर आमच्या घरात शिरला तो त्याच्यामुळे.

माझा थोरला भाऊ सुतार. आम्ही त्याला दादा म्हणतो. मी भिंत बांधायची आणि त्याने चौकटी, खिडक्या, छप्पर करायचं, अशी आमची जोडी होती. नाशिक रोडच्या वसाहतींत आमच्या हातची किती घरं उभी आहेत ते मी मोजलेलं नाही. मग दादा टाळ्यावाल्यांच्या सभेला जायला लागला. जाईना का, मी काही बोललो नाही. पण एक दिवस त्याने दारणा नदीच्या पाण्यात उभं राहून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. पुरता बुडून.

आम्हा दोघांचा बाप्तिस्मा लहानपणीच, डोक्यावर पाणी शिंपडून, झालेला होता. बापाने आम्हाला कडेवर नेऊन तो देववलेला. त्यापायी बापाला गाव सोडावं लागलं, भाऊबंदांनी पाण्याला शिवू दिलं नाही. बापाने एवढं सोसून मिळवलेलं ते, आणि ह्याला ते पुरलं नाही!

मी त्याच्या दारात जाऊन म्हणालो, "तू बापाला खोटं पाडलंस."

तो रंधा मारत होता. हात न थांबवता म्हणाला, "बापाने केलं ते बापाने केलं, बारक्या. मला तेव्हा काय कळत होतं? आता कळून केलं."

"एका माणसाला दोन बाप्तिस्मे नसतात."

"मग पहिला धरू नकोस."

त्यानंतर तीन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. दुसऱ्या सुताराच्या वाकड्यातिकड्या चौकटी भिंतीत बसवल्या, शिव्या खाल्ल्या, पण बोललो नाही. मधे परांचीवरून पडून माझा पाय मोडला. दादा बघायला आला नाही. ते मी मनात ठेवलं. पायाला पट्टी बांधायला मात्र कंपाउंडर रोज यायचा, आणि बांधता बांधता विचारायचा, "सुतारदादा काय म्हणतात?" मी म्हणायचो, "कोण सुतारदादा?" तो म्हणायचा, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचा.

सत्त्याहत्तर किंवा अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा असेल. पेठच्या पलीकडे डोंगरात एक पाडा होता. तिथे पाच-सात ख्रिस्ती घरं. त्यांना प्रार्थनेला एक खोली हवी होती, आणि आजाऱ्यांना तपासायला कुणीतरी. कंपाउंडर चारही मंडळींकडे गेला. आठ दिवसांची सेवाफेरी, प्रत्येक चर्चची चार माणसं, सगळ्यांनी मिळून खोली बांधायची आणि औषधं वाटायची. असं आधी कधी झालं नव्हतं. चारही ठिकाणचे लोक हो म्हणाले. कसे म्हणाले, ते आजही मला माहीत नाही. माझ्या मते त्याने प्रत्येकाला सांगितलं असणार की बाकीचे तिघे कधीच तयार झालेत.

सामानाची यादी त्याने औषधाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली. एकच यादी, चार वेळा, आणि चौघांना दिली. तांदूळ दोन पोती, डाळ, तेल, मीठ, साखर, चहा, मेणबत्त्या. कुणी काय आणायचं ते मात्र लिहिलं नाही. ट्रक पाड्यावर पोचला आणि सामान उतरवलं, तर चार ठिकाणचं मीठ, चार ठिकाणचा चहा, साखर, आणि मेणबत्त्या इतक्या की दोन नाताळ निघतील. तांदळाचा एक दाणा नाही. जड सामान दुसरे आणतील असं प्रत्येकाने धरलेलं.

कॅथलिकांचे तरुण फादर होते, ते हसायला लागले. आमचे पाळकसाहेब लाल झाले. "कंपाउंडर, हे काय आहे?"

"मी तर सगळ्यांना सगळं लिहून दिलं होतं," कंपाउंडर म्हणाला.

पाड्यावरची एक म्हातारी हे बघत उभी होती. तिने विचारलं, "तुमचा देव येकच ना?"

"हो आजी, एकच," पाळकसाहेब म्हणाले.

"मंग चार जागचं मीठ कशाला आनलं?"

तिने आम्हाला नागलीच्या भाकरी घातल्या. जेवणाआधी प्रार्थना कुणी करायची ह्यावरून पहिल्या दिवशी घोळ झाला. चारही जणांनी केली, एकामागून एक, आणि भाकरी गार होऊन पापड झाली. दुसऱ्या दिवशी म्हातारीनेच सांगितलं, "येक जन बोला, बाकी जेवा." आठही दिवस मग तसंच चाललं. त्याला कुणी एकी म्हणो की काय म्हणो, मला तर ती भूक वाटली.

मी दगडाचं काम घेतलं. तिसऱ्या दिवशी एसटी आली, आणि तिच्या टपावर दाराची चौकट बांधलेली. खाली दादा उतरला.

मी कंपाउंडरकडे वळलो. "ह्याला कुणी बोलावलं?"

"टाळ्यावाल्यांची चार माणसं यायची होती. तीनच आली होती."

"तुम्हाला माहीत होतं हाच येणार?"

"सुतार येणार एवढं माहीत होतं," तो म्हणाला आणि खिशातला चमचा पुसायला लागला.

दादाने आपलं काम भिंतीपासून चाळीस पावलांवर, मोहाच्या झाडाखाली मांडलं. मी भिंतीवर. मापं तर विचारायलाच हवीत, त्याशिवाय चौकट बसत नाही. मग कंपाउंडर मधे फिरायला लागला. मी सांगायचो, "त्याला विचारा, रुंदी किती ठेवलीय." तो कोट सावरत उन्हातून जायचा, परत यायचा आणि सांगायचा, "तीन फूट. आणि सुतारदादा विचारतात, तुमचा पाय आता कसा आहे."

मी थापी खाली ठेवली. इतक्या दिवसांनी विचारतोय. "सांगा, थंडीत दुखतो."

तो गेला. थोड्या वेळाने आला. "सुतारदादा म्हणतात, उंबरा सागाचा घेतलाय. आणि म्हणतात की बारक्याला जड उचलू देऊ नका."

असं दोन दिवस चाललं. खरं सांगतो, त्या दोन दिवसांत माझी भिंत भराभर वर गेली. आपल्या कानावर असं काही येतंय म्हटल्यावर हात चालतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चौकट बसवायची वेळ आली. ते काम एकट्याचं नाही. सुताराने चौकट धरायची, गवंड्याने ओळंबा लावून सरळ आहे का ते सांगायचं, मग दोघांनी मिळून पाचरी मारायच्या. कंपाउंडर नेमका तेव्हा कुठेतरी डोस द्यायला गेलेला. मी आत, दादा बाहेर, आणि मधे रिकामी चौकट.

मी म्हणालो, "डावी बाजू वर."

त्याने उचलली. मग म्हणाला, "आता माझीच चौकट चालते म्हणे तुला. तीन वर्षं कुणाच्या बसवल्यास मग?"

"काय?"

"तूच निरोप दिलास ना. दादाशिवाय दुसऱ्याची चौकट भिंतीत घेणार नाही म्हणून."

"मी असं बोललो नाही. तू माझ्या पायाचं विचारलंस, ते सांग. तेव्हा का नाही आलास?"

"कुठला पाय?"

"मोडलेला."

दादाचा चेहरा उतरला. "तुझा पाय कधी मोडला?"

त्याला माहीतच नव्हतं. आम्ही दोघं चौकट धरून तसेच उभे राहिलो. सोडता येत नव्हती, सोडली तर पडली असती. दादा म्हणाला, "मग तो म्हातारा दोन दिवस काय सांगत फिरत होता?"

कंपाउंडर परत आला तेव्हा आम्ही त्याला धरलं. "तुम्ही खोटे निरोप दिलेत."

तो विचारात पडला. अगदी खरोखर विचारात पडल्यासारखा. "चाळीस पावलं फार होतात हो. निम्म्या वाटेत मी विसरायचो. मग जे आठवलं ते सांगितलं."

तो खरंच विसरायचा का? वय झालं होतं, विसरत असेलही. पण विसरून सांगितलेला एकही निरोप वाईट कसा निघाला नाही? दादा म्हणाला, "जाऊ दे, पाचर दे." मी दिली. पण ते चौकटीपुरतं बोलणं होतं. दादाने दुसरा बाप्तिस्मा घेतला होता तो घेतलाच होता, आणि मी ते सोडायला तयार नव्हतो.

शेवटच्या दिवशी खोली तयार झाली. एकच उपासना करायची असं ठरत होतं, पण ते जमलं नाही. भाकर कुणी मोडायची, द्राक्षरस कुणी द्यायचा, कुणी कुणाच्या हातून घ्यायचा, ह्यावर सकाळ गेली. शेवटी चार उपासना झाल्या, पाठोपाठ. पाड्यावरचे लोक चारही वेळा येऊन बसले. कंपाउंडरही चारही वेळा बसला, आणि चारही वेळा प्रभुभोजनाला बसूनच राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्याची चारही चर्चं आज एकाच खोलीत आहेत, मग हा घेतो कुठे?

परत येताना ट्रकचं इंजिन तापलं आणि एका ओढ्याशी थांबलो. पाणी घोट्याएवढं. कंपाउंडरने आयुष्यात पहिल्यांदा आमच्यासमोर कोट काढला, दगडावर ठेवला आणि पाय पाण्यात सोडून बसला. मला आणि दादाला त्याने जवळ बोलावलं.

"माझा बाप्तिस्मा झालेला नाही," तो म्हणाला.

बाप्तिस्म्याशिवाय प्रभुभोजन घेता येत नाही, म्हणून हा बसून राहायचा. "म्हणजे? कुणाकडेच नाही?"

"कुणी विचारलंच नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने दिला असेल."

दादा म्हणाला, "म्हणजे तांदळासारखं झालं."

"तसंच झालं. आधी मीही बोललो नाही, लहान होतो. मोठा झालो तेव्हा अडचण कळली. एकाकडून घेतला की मी त्यांचा झालो. बाकीचे तिघे म्हणणार, बसा आता तिकडेच. मला चारही हवेत."

"पण घ्यायला तर पाहिजे," मी म्हणालो. "असं राहून कसं चालेल? माणसाचा काय भरवसा?"

"म्हणूनच सांगतोय. मला घ्यायचा आहे, मरायच्या आधी घ्यायचा आहे. शिंपडून घ्यायचा की बुडून, कुणाच्या हातून, ते तुम्ही दोघा भावांनी ठरवा. दोघांचं एक झालं की मी घेतो. एकट्याचं ऐकणार नाही."

दादा लगेच म्हणाला, "बुडून." मी म्हणालो, "शिंपडून. चुकीचं काही सांगू नकोस." ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला तरी आम्ही तिथेच होतो.

त्यानंतर दर रविवारी दुपारी दादा माझ्या घरी यायला लागला. ठरवायला. माझी बायको चहा ठेवायची, त्याची बायको भजी घेऊन यायची, आणि आम्ही भांडायचो. तो शास्त्रातली वचनं पाठ करून यायचा. मला वाचता कमी येतं, मी पाळकसाहेबांना विचारून जायचो. बापाचा विषय निघायचा, आवाज चढायचे, एकदा मी कप फोडला. पण पुढच्या रविवारी तो हजर. कामंही पुन्हा जोडीने घ्यायला लागलो, कारण भांडण अर्धं राहिलं की ते परांचीवर पुढे चालवता यायचं. कधी कधी कंपाउंडर येऊन कोपऱ्यात बसायचा, पुड्या बांधत ऐकायचा आणि उठताना विचारायचा, "झालं का?"

"नाही."

"घाई नाही," म्हणायचा.

पण घाई होती. सात-आठ वर्षं अशीच गेली आणि तो खाटेला खिळला. दवाखान्याच्या वॉर्डात, जिथे त्याने जन्मभर बाटल्या भरल्या, तिथेच. डॉक्टर म्हणाले, आठवडा काढेल. दादा आणि मी त्याच्या उशाशी एकमेकांकडे बघत बसलो. आमच्या हट्टापायी हा माणूस तसाच जाणार होता.

दुसऱ्या दिवशी मी हरलो. आयुष्यात पहिल्यांदा. दादाला न सांगता सायकल काढली, नाशिक रोडला गेलो आणि दादाच्या पास्टरना म्हणालो, "चला. तुमच्या पद्धतीने द्या, पण द्या." ते म्हणाले, आजारी माणसाला बुडवणार कसं? मी म्हणालो, "मी टब आणतो. मी धरतो." त्यांना घेऊन दुपारी चारला वॉर्डात शिरलो, तर खाटेजवळ दादा उभा, आणि त्याच्या शेजारी आमचे पाळकसाहेब, हातात पाण्याची वाटी.

दादा म्हणाला, "तू ह्यांना घेऊन आलास?"

"आणि तू ह्यांना?"

कंपाउंडरने डोळे उघडले. "ठरलं का?"

"ठरलं," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"काय ठरलं?"

मी म्हणालो, दादाच्या पद्धतीने. दादा म्हणाला, बारक्याच्या. कंपाउंडरचे खांदे हलायला लागले. हसत होता की खोकला होता, माहीत नाही. मग म्हणाला, "म्हणजे अजून नाही ठरलं."

दोन्ही पाळक एकमेकांना म्हणायला लागले, तुम्ही आधी आलात, तुम्ही द्या. नाही, तुमचा मान. शेवटी दोघं व्हरांड्यात गेले, मिळून कसं करता येईल ते बोलायला. त्यांचं बोलणं बराच वेळ चाललं.

तेवढ्यात कंपाउंडरने पाणी मागितलं. प्यायला. दादाने मानेखाली हात घालून त्याला उचललं, मी पेला तोंडाला लावला. पेला जास्त कलला. थोडं पाणी आत गेलं आणि बाकी सगळं हनुवटीवरून, गळ्यावरून, छातीवर. सदरा भिजला. तो डोळे मिटून स्वस्थ पडला होता. पाळक आत आले तेव्हा श्वास नव्हता.

माती द्यायला चारही मंडळी आल्या. प्रत्येकाला वाटत होतं तो आपला. रजिस्टरात त्याचं नाव कुठल्या चर्चखाली लिहायचं ते कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

आता दादा ऐंशीच्या पुढे आहे. अजून रविवारी येतो, नातू रिक्षात बसवून देतो. तो म्हणतो, त्या पाण्याने कंपाउंडरचा बाप्तिस्मा झाला. बुडायचं म्हणणारा दादा हे म्हणतो! मी म्हणतो, नुसतं पाणी सांडून काय होतं, देवाचं नाव घ्यावं लागतं.

"मी घेतलं होतं," तो म्हणतो. "मनात. त्याला उचललं तेव्हा."

"मनातलं धरत नाहीत."

"कोण म्हणतं?"

इथे मी चहा मागतो. कारण पेला धरला होता तेव्हा मीही घेतलं होतं, मनातच. दादाचं धरायचं तर माझंही धरावं लागेल, आणि मग कंपाउंडरचे दोन बाप्तिस्मे झाले. एका माणसाला दोन नसतात असं म्हणून मी सख्ख्या भावाशी तीन वर्षं बोललो नव्हतो. दादाला हे अजून सांगितलेलं नाही. येत्या रविवारी सांगावं, असं दर रविवारी वाटतं.